पहिली भेट जाहिरातीची, दुसरी कोणाची?

गेल्या वर्षी सप्टेंबरात एक गोंड माता साडेतीन महिन्यांच्या बाळाला घेऊन उटनूरला माझ्याकडे आली. दीड महिन्याची लस शहरातील एका खासगी रुग्णालयात दिलेली होती. मोबाइलवर त्यांची जाहिरात पाहून दिराने तिला तेथे नेले होते. अडीच महिन्यांची मात्रा मात्र चुकली. रुग्णालयाचे संदेश आले नव्हते असे नाही. ते दिराच्या फोनवर, इंग्रजीत आले होते, आणि त्यांत लसीच्या तारखेऐवजी सवलतीच्या तपासण्यांची यादी होती.

इंटरनेटवरील जाहिरातीत एका क्लिकलाही पैसे मोजावे लागतात, मग रुग्ण येवो वा न येवो. म्हणून जाहिरातीचे सल्लागार सांगतात, एकदा आलेल्याला पुन्हा पुन्हा आणा, तरच खर्च वसूल होतो. दुकानदाराला हे शोभते. आपल्याकडे तोच खोकला घेऊन चौथ्यांदा येणारे मूल हे बहुधा आपलेच अपयश असते. उलट लसीकरण, कुपोषण किंवा सिकलसेल यांत पुन्हा येणे हाच उपचार आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू केलेल्या मुलाची रक्ततपासणी ठरावीक काळाने झाली नाही, तर औषधच धोक्याचे ठरते.

मुळात अशी जाहिरात आपल्याला करता येते काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आवाहन करणे अनैतिक आहे, मग ते डॉक्टराने करो वा संस्थेने. व्यवसाय सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची सूचना देण्यास हरकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. तेव्हा २००२ चेच लागू आहेत. गंमत अशी की, एकदा पाहिलेली वस्तू पडद्यावर पुन्हा पुन्हा पुढे करण्याची जी युक्ती, ती आजारपणाच्या बाबतीत गूगलच्या धोरणालाही मान्य नाही. जाहिराती विकणाऱ्याने पाळावयाचा संकोच आपण सोडावा, हे मला पटत नाही.

लसीच्या तारखेची आठवण देणे ही मात्र जाहिरात नव्हे. ते कर्तव्य आहे, आणि त्यात आपण फार ढिले आहोत. फोन घरात कोणाजवळ असतो, हे आपण विचारत नाही. कार्डावर तारीख लिहितो, पण त्या तारखेला आठवडी बाजार आहे की कापसाची वेचणी, याचा विचार करीत नाही. बाजाराच्या दिवशी माता तशीही गावात येते. माझी परिचारिका आदल्या दिवशी फोन करून गोंडीत बोलते. तेवढ्याने जे साधते ते लेखी संदेशाने साधत नाही.

आणखी एक. उशिरा आलेल्या मातेवर आपण खेकसतो. मीही अनेक वर्षे खेकसत आलो. ती पुन्हा येत नाही, यात नवल ते काय! चुकलेल्या मात्रेसाठी लसीकरण पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, जेथे थांबले तेथून पुढे चालवायचे असते, हे तिला शांतपणे सांगितले की तिच्या मनावरचे ओझे उतरते.

त्या बाळाला मी दुसरी मात्रा दिली. चार आठवड्यांनंतरची तारीख नेमकी दंडारीच्या दिवसांत येत होती. मातेनेच सुचविले, “त्याच्या पुढच्या बाजारी येते.” मी तोच दिवस कार्डावर लिहिला. ती आली, सोबत जावेचे बाळही होते.