फोर्डने मजुरी दुप्पट का केली?
हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९१४मध्ये कामगारांची रोजची मजुरी ५ डॉलर केली, म्हणजे जवळपास दुप्पट. याला औदार्य म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. डेट्रॉईटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३मध्ये सरकती असेंब्ली लाइन आली आणि 'मॉडेल टी'ची चासी साडेबारा तासांऐवजी सुमारे दीड तासात जोडून होऊ लागली. पण दिवसभर तेच ते काम करायला माणसे टिकेनात. त्या वर्षी सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी ५० हजारांहून अधिक जणांची भरती करावी लागली! मजुरीवाढ हा त्यावरचा उतारा होता, आणि तोही सरसकट नव्हता. जवळपास निम्मी रक्कम 'नफ्यातील वाटा' म्हणून मिळे. त्यासाठी कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन दारू, बचत, संसार, सगळे तपासत.