एका पोर्टाचे चार : काटकसर खरी, जोखीमही खरी

डेटा सेंटरची बातमी आली की चर्चा होते ती जमिनीची, विजेची आणि गुंतवणुकीच्या आकड्यांची. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्याविषयी असेच झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमचा प्रकल्प जाहीर केला तेव्हाही वेगळे काही घडले नाही. सर्व्हरांना एकमेकांशी जोडणारा स्विच मात्र या चर्चेत कोठेच नसतो. वास्तविक अशा केंद्राचा, किंवा एखाद्या लहान राज्यातील बँकेच्या वा सरकारी खात्याच्या संगणक कक्षाचा भरवसा बऱ्याच अंशी तेथेच ठरतो.

वेगवान पोर्ट एकसंध भासला तरी तो बहुधा आतून विभागलेलाच असतो. शंभर गिगाबिटच्या प्रचलित पोर्टात पंचवीस गिगाबिटच्या चार मार्गिका असतात, चाळीसच्या पोर्टात दहाच्या चार. स्विचला तशी आज्ञा दिली आणि एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला चार तोंडे असलेली केबल लावली, की एका पोर्टावर चार सर्व्हर चालतात. चाळीस व शंभर गिगाबिटचे मानक २०१० मध्ये आले; पंचवीसचे मात्र २०१६ मध्ये. त्यासाठी गूगल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांना २०१४ मध्ये वेगळा गट स्थापन करावा लागला होता. सर्व्हर बदलले की हाच पोर्ट पुन्हा अखंड शंभरचा करता येतो. काटकसर खरी आहे, ती यामुळेच.

अडचण हिशेबात आहे. बत्तीस पोर्ट गुणिले चार म्हणजे एकशे अठ्ठावीस जोडण्या, हे गणित निविदेच्या कागदावर शोभते. पण काही स्विचांत एका पोर्टाचे चार केले की शेजारचा पोर्ट बंद पडतो. विभाजन करताना त्या पोर्टाची जुनी मांडणी सहसा पुसली जाते, काही यंत्रे तर पुन्हा सुरू करावी लागतात. म्हणजे हे काम भर कामकाजाच्या वेळी करण्याचे नव्हे. दोन्ही टोकांना त्रुटिदुरुस्तीची पद्धत सारखी नसेल, तर सर्व सामान चांगले असूनही पंचवीसची जोडणी उभीच राहत नाही आणि दोष विनाकारण केबलीवर येतो. पंचवीसच्या वेगाला तांब्याच्या साध्या केबलीची मानकातील मर्यादाही फार तर पाच मीटरची. चारही सर्व्हर त्या आवाक्यात असावे लागतात.

सर्वांत मोठी गफलत पर्यायी मार्गाबाबत होते. महत्त्वाच्या सर्व्हरला दोन जोडण्या दिल्या, पण त्या दोन्ही एकाच पोर्टाच्या फाट्यांतून आल्या, तर ते एक ट्रान्सीव्हर जळताच दोन्ही मार्ग एकदम बंद होतात. कागदावर सुरक्षितता दुहेरी असते, प्रत्यक्षात एकेरी.

सरकारी खरेदीत म्हणूनच पोर्टांच्या संख्येवर थांबता कामा नये. कोणते पोर्ट फोडता येतात, फोडल्यावर कोणते निकामी होतात, दुसऱ्या कंपनीची केबल चालते का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी एक केबल उपसून पाहावी. कोणकोणते सर्व्हर बंद पडतात, ते त्याच क्षणी कळेल.