आधी कविता, मग पेटी

‘अगं, वेल नाही, वेळ! वेल मांडवावर चढते!’

नवा रायपूरमधल्या एका घरी भावगीतांच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. गाणारी मुलगी आठवीतली. गळा गोड, सूर पक्का. पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, बाजारात छत्तीसगढी. मराठी घरापुरती, तीही ‘जेवायला चल’ एवढीच. तिसऱ्यांदा ‘वेल’ ऐकल्यावर शिकवणाऱ्या काकूंनी पेटीचा भाता लावून टाकला. ‘आज गायचं नाही. नुसतं वाचायचं.’

कार्यक्रम पंधरा दिवसांवर आणि ह्या वाचन काय घेऊन बसल्यात, असं मला वाटलं. खरं सांगते, तासाभरात मत बदललं.

ख्यालात बोल जरा मागे पडले तरी राग ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. भावगीत मुळात कविता. शब्द हरवला की हाती चाल उरते. काकूंनी मुलीला ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ म्हणायला लावलं. अक्षर एकच, उच्चार दोन. ‘माझा’ आणि ‘माझी’चंही तसंच. हिंदीत वाढलेल्या जिभेला हा फरक कुणी सांगितल्याशिवाय कळायचा कसा? मग पेन्सिलीने श्वासाच्या जागा. शब्दाच्या मधे श्वास घेतला की अर्थाचे दोन तुकडे होतात. त्यानंतर हाताने ताल धरून ओळी म्हणणं. पेटी उघडली ती तिसऱ्या दिवशी!

‘गीतरामायण’ आठवा. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. वर्षभर आठवड्याला एक नवं गीत, एकूण छप्पन्न. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची आणि गायकांनी मोजक्या दिवसांत ते गळ्यावर चढवायचं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे तयारीचे गळे होते, तरी बाबूजी उच्चाराच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. आपण तर हौशी माणसं.

मूळ ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीत गायचा मुलीचा हट्ट होता. वरच्या सुरावर आवाज चिरकायचा. काकूंनी सरळ पट्टी उतरवून काळी चार धरली. मला हे फार आवडलं. मूळ गायिकेच्याच पट्टीत गायलं पाहिजे, असा काही कायदा आहे का?

तबलजी छत्तीसगढी. त्यांनी आधी ओळीचा अर्थ विचारला. तो कळल्यावर हात आपोआप हलका झाला.

रायपूरला मराठी नवी नाही. १९५६पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर. तेव्हा नोकरी-वकिलीसाठी आलेली कितीतरी घरं इथलीच झाली. या मुलीचे पणजोबा त्यांतलेच. आजीला अजून कविता पाठ आहेत, वडिलांना समजतात, मुलीला मात्र ओळ देवनागरीत दिसूनही अर्थ विचारावा लागतो. आजी कोपऱ्यात बसून होती. नात अडली की तिचे ओठ हलायचे, पण काकूंच्या धाकाने आवाज काही फुटत नव्हता.

परवा काकूंचा फोन आला. ‘ळ’ जमला म्हणे. आता वेगळीच पंचाईत: पोरगी घरभर सगळ्यांचे उच्चार सुधारत फिरतेय. पहिला नंबर वडिलांचा लागलाय.