गिटारच्या मानेवरचे पाढे

पाठांतर या शब्दाला अलीकडे बरे दिवस राहिलेले नाहीत. पालकसभेत त्याचा उच्चार झाला की पाठोपाठ कोणीतरी 'घोकंपट्टी' हा शब्द काढतोच. वस्तुतः या दोहोंत मोठा भेद आहे. अर्थ न कळता जी ओठांवर बसते ती घोकंपट्टी. अर्थ कळल्यानंतर तो हव्या त्या क्षणी हाताशी यावा म्हणून जे मनात मुरविले जाते ते पाठांतर. हा भेद या खेपेस शाळेच्या फळ्यावर न मांडता एका वाद्याच्या आधाराने पाहावा, असे योजिले आहे. ते वाद्य म्हणजे गिटार. आपल्या गोमंतकात ते कोणास अपरिचित नाही.

आजची मुले गिटार शिकतात ती बहुधा चित्रे पाहून. कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यापाशी कोणते बोट ठेवावयाचे, एवढे चित्रात दाखविलेले असते. स्वराचे नाव त्यात नसते. दोन-तीन महिन्यांत एखादे गाणे बसते, घरची मंडळी कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण पुढे चार जणांत बसून वाजविण्याची वेळ येते. गाणारा म्हणतो, "डीपासून धर." आणि इथे हात थांबतो; कारण बोटाला जागा ठाऊक असते, त्या जागेचे नाव ठाऊक नसते. पाटीवर अक्षरे सुबक गिरविणाऱ्या मुलाला तेच अक्षर पुस्तकात दाखविल्यावर वाचता येऊ नये, तशी ही अवस्था आहे. गिरविणे ही वाचनाची पहिली पायरी खरी, पण तिच्यावरच थांबणाऱ्याला पुस्तक कधी उघडत नाही. बरीच मुले नेमकी याच टप्प्यावर गिटार भिंतीला टांगून ठेवतात आणि 'आपल्यात गुण नाही' अशी समजूत करून घेतात. गुण असतो, पाढे झालेले नसतात.

गिटारवर ही अडचण अधिक का जाणवते, तेही पाहावयास हवे. पेटीवर एका विशिष्ट उंचीच्या स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर तसे नाही. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली असता जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावर मिळतो. एकाच माणसाची चार घरे असावीत, तसा हा प्रकार. सहा तारा आणि बारा पडदे धरले तरी बहात्तर जागा होतात. त्या बहात्तर जागा यादी करून घोकावयास बसणे ही शुद्ध घोकंपट्टी होय, आणि तिचा कंटाळा येणाऱ्या मुलाला दोष देता येणार नाही.

परंतु ही मान म्हणजे बहात्तर सुट्या जागांचा ढीग नव्हे. ती एका हिशेबाने आखलेली आहे. प्रत्येक पडद्यागणिक स्वर अर्ध्या स्वराने चढतो. बाराव्या पडद्यावर तारेची बरोबर निम्मी लांबी उरते आणि मूळ स्वरच वरच्या सप्तकात ऐकू येतो. शास्त्रीय पद्धतीच्या गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटर लांब असते. म्हणून तिचा बारावा पडदा ३२५ मिलिमीटरांवर येतो. प्रख्यात शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे संगीतज्ञ होते. पडदे बसविताना उरलेल्या लांबीचा दर वेळी अठरावा भाग सोडावा, असा हिशेब त्यांनी १५८१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडला. आजचे कारागीर अठराऐवजी १७.८१७ ने भागतात, इतकाच फरक. म्हणजे या लाकडावर आधीच एक पाढा कोरलेला आहे. आपण तो वाचावयाचा.

वाचण्याच्या किल्ल्या तीन. पहिली आपल्या पेटीवरच आहे. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. तशीच पांढरी सात आणि पुढची पांढरी एक यांच्यामध्येही नसते. पाश्चात्त्य नावांनी सांगावयाचे तर ई आणि एफ हे लगतचे शेजारी, बी आणि सी हेही लगतचे. पांढरी एक हा षड्ज मानला तर हेच आपले शुद्ध गंधार-मध्यम आणि शुद्ध निषाद-षड्ज. एवढ्या दोन जोड्या वगळता कोणत्याही दोन शुद्ध स्वरांमध्ये एक पडदा मोकळा सुटतो.

दुसरी किल्ली मोकळ्या तारांची. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्यांची नावे ई, ए, डी, जी, बी, ई अशी आहेत. पहिली आणि सहावी या तारांचे नाव एकच असल्याने एकीचा पाढा दुसरीला आयताच लागू पडतो.

तिसरी किल्ली सर्वांत उपयोगी. सहाव्या किंवा पाचव्या तारेवर एखादा स्वर सापडला की बारीक तारांच्या दिशेने दोन तारा ओलांडाव्यात आणि दोन पडदे पुढे जावे. तेथे त्याच नावाचा स्वर वरच्या सप्तकात उभा असतो. चौथ्या किंवा तिसऱ्या तारेपासून निघालात तर दोनऐवजी तीन पडदे पुढे जावे लागते, कारण तिसरी आणि दुसरी या तारांमधील अंतर इतर जोड्यांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी आहे.

आता हिशेब करून पाहा. सहाव्या तारेवर पहिल्या पडद्यावर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी आणि दहाव्यावर डी. पाचव्या तारेवर दुसऱ्यावर बी, तिसऱ्यावर सी, पाचव्यावर डी, सातव्यावर ई, आठव्यावर एफ आणि दहाव्यावर जी. झाल्या बारा जागा. बाकीचे शुद्ध स्वर या बारांवरून काढता येतात, आणि मधल्या जागा त्यांच्या शेजारावरून कळतात. बहात्तरांचे ओझे बारांवर आले, ते केवळ समजुतीने. मात्र या बारा जागा पाठच करावयास हव्यात. त्यांना दुसरा उपाय नाही.

पाठ कसे करावे, हे आपल्या जुन्या शाळांना चांगले ठाऊक होते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणवून घेणारे गुरुजी ओळीने म्हणण्यावर संतुष्ट होत नसत, ते मध्येच विचारीत, "सात आठे?" जो मुलगा सात एके सातपासून मोजीत छप्पन्नापर्यंत येई, त्याचा पाढा कच्चा समजला जाई. वेदपठणातील क्रम, जटा, घन या पाठांतही शब्द पुढे-मागे फिरवून म्हटले जातात, ते संहितेतील एक अक्षरही ढळू नये म्हणून. गिटारलाही तोच न्याय लावावा. एक दिवस एकच स्वर घ्यावा. एफ घेतला तर सहाव्या तारेपासून क्रमाने पडदे येतात ते पहिला, आठवा, तिसरा, दहावा, सहावा आणि पुन्हा पहिला. प्रत्येक जागी बोट टेकताना नाव मोठ्याने उच्चारावे. मग उलट क्रमाने यावे, आणि शेवटी कोणतीही तार मध्येच निवडावी. सात दिवसांत सात स्वर होतात. आठव्या दिवसापासून उजळणी. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोज पाच मिनिटे बरी. थोडे थोडे, दिवसांचे अंतर ठेवून केलेले पाठांतर एकदम केलेल्यापेक्षा अधिक टिकते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले आहे.

गोव्यातील घरांसाठी एक सावधगिरीची सूचना. चर्चच्या शाळांतून आलेली जुनी मंडळी स्वरांना दो, रे, मी, फा, सोल, ला, सी म्हणतात. त्यांचा 'सी' म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीतील 'बी', आणि इंग्रजी 'सी' म्हणजे त्यांचा 'दो'. आजोबा एका रीतीने सांगतात, नातू दुसऱ्या रीतीने ऐकतो आणि वाद मात्र वाद्याच्या माथी येतो. दोन्ही रीती चांगल्या. एका घरात एका वेळी एकच चालवावी.

त्या जुन्या मंडळींच्या शिस्तीला हसू नये. स्वर नावानिशी ओळखणे आणि कागदावरून वाचणे या विद्येच्या बळावर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात मानाने स्थिरावले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांपैकीच एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव गाजले. ऐनवेळी समोर आलेला कागद वाचून वाजविता येणे ही त्या पिढीची भाकरी होती.

आणि ज्यांना संगीतातले काही कळत नाही अशा आईवडिलांनाही येथे करण्यासारखे काम आहे. वर दिलेल्या बारा जागा एका कागदावर उतरवून घ्याव्यात आणि रात्रीच्या जेवणाआधी मुलाला पाच प्रश्न विचारावेत : पाचव्या तारेवर ई कुठे? सहाव्यावर सी कुठे? उत्तर बरोबर आले तरी बोट मोजीत मोजीत पोहोचले, तर आणखी दोन दिवस तोच स्वर ठेवावा. नाव कानी पडताच बोट जागेवर टेकले, की तो कागद घडी करून ठेवून द्यावा आणि मुलाला त्याच्या आवडीचे गाणे वाजवावयास सांगावे.