होमकुंडापाशी कॅमेरा हवाच

कॅमेरा आला की विधीचा तमाशा होतो, हा मानवशास्त्रज्ञांच्या चित्रपटांवरचा जुना आक्षेप. दुसरा आक्षेप विद्यापीठांतला : संशोधन म्हणजे प्रबंध, चित्रपट फार तर त्याची पुरवणी. हे दोन्ही आक्षेप गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या जत्रांत तपासून पाहावेत.

डिचोलीतल्या शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. सोवळे पाळून व्रत केलेले भक्त, म्हणजे धोंड, तळीवर आंघोळ करतात. हातात रंगीत वेत, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा. रात्री पेटवलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून ते पहाटेपूर्वी पार होतात. लिहायला एवढे पुरते. पण वेत कसा धरतात, कोण कोणाला पुढे जाऊ देतो, निखारे जवळ येताना पावले कुठे वेग घेतात, हे टिपणवहीत उतरत नाही. पेडण्याच्या पुनवेचेही तेच. कोजागरीच्या रात्री भूतनाथ हा देव आपले देऊळ मागतो आणि लोक त्याची समजूत काढतात, ही कथा दोन ओळींत सांगून होते. ती समजूत प्रत्यक्षात घडते देवांच्या प्रतीकांच्या, म्हणजे तरंगांच्या, हेलकाव्यांत, गर्दीच्या गलक्यात. हालचाल आणि आवाज हाच जिथे पुरावा, तिथे चित्रपटाला पुरवणी म्हणणे साफ चूक आहे.

धनगर आणि खंडोबा यांच्यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या हायडेलबर्गच्या अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनीही चित्रपटकार हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत पंढरीच्या वारीवर चित्रपट केलाच.

पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. ड्रोन आणि मोबाइलच्या चित्रफितींत निखारे दिसतात, त्याआधीचे व्रत दिसत नाही. पण हा दोष उतावळेपणाचा आहे, कॅमेऱ्याचा नव्हे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ ज्याँ रूश यांनी नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीचा चित्रपट 1950 च्या दशकात त्या शिकाऱ्यांनाच दाखवला. शिकारीच्या दृश्यावर त्यांनी संगीत चढवले होते. शिकाऱ्यांनी हरकत घेतली : शिकारीत शांतता लागते, आवाजाने जनावर पळेल. रूश यांनी संगीत काढून टाकले. ज्यांचे चित्रण झाले, तेच तिथे परीक्षक होते. प्रबंधाला अशी परीक्षा क्वचितच द्यावी लागते. बहुतेक प्रबंध त्या गावापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून शिरगावात किंवा पेडण्यात चित्रण करणाऱ्या संशोधकाने अंतिम संकलनाआधी चित्रपट गावकऱ्यांना दाखवावा, धोंडांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात, त्यांना नको असलेले दृश्य गाळावे आणि एक प्रत गावात ठेवावी. असे काम झाले, तर गोवा विद्यापीठाने त्याला प्रबंधाइतकेच मोल द्यावे.