कूनच्या पुतळ्याखाली

मी ॲम्स्टरडॅममध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. एका रविवारी ऑफिसमधला डच मित्र आपलं गाव दाखवायला घेऊन गेला. होर्न, एक जुनं बंदर. तिथल्या मुख्य चौकात यान पीटरझोन कूनचा पुतळा आहे. १५८७ साली इथेच जन्मलेला हा माणूस पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला. पुतळा १८९३चा, म्हणजे तो मेल्यावर अडीचशेहून जास्त वर्षांनी उभारलेला.

१६२१ मध्ये कूनने आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं फौज नेऊन जिंकली. कारण जायफळ. तेव्हा ते फक्त तिथेच पिकायचं, आणि बहुतांश मुसलमान असलेले बांदाचे लोक ते इंग्रजांनाही विकायचे. कंपनीला मक्तेदारी हवी होती. ४४ प्रमुखांना पकडून ठार मारलं. अंदाजे १५ हजारांच्या वस्तीतले जेमतेम हजारभर बेटांवर उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. आमच्या रत्नागिरीच्या परसात जायफळाचं झाड आहे, अम्मी खिरीत किसून घालते. हे काही मला ठाऊक नव्हतं.

खरं सांगतो, फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर 'बघा, मुसलमानांचं काय केलं यांनी' असं टाइप केलं होतं. मग पुसलं. ते कलमा पढतात म्हणून कून तिथे गेला नव्हता, जायफळासाठी गेला होता. आणि जाब मागायचा कोणाकडे? शेजारी उभ्या मित्राकडे? तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा हिशेब आपल्याकडे कॉलेजात, ऑफिसात मागितला जातो तेव्हा कसं वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

२०११ मध्ये काही नागरिकांनी पुतळ्याविरुद्ध नगरपालिकेत रीतसर मागणी केली. त्याच वर्षी क्रेनच्या धक्क्याने तो खाली पडला, तर दुरुस्त करून पुन्हा चढवला! २०१२ मध्ये नवा फलक लागला. बांदाचे हजारो लोक मेले, आणि हा सन्मान वादग्रस्त आहे, हे त्यावर लिहिलंय.

मला ते पुरेसं वाटत नाही. चौथऱ्यावर चढवणं हा सन्मानच, खाली बारीक अक्षरात काहीही लिहा. त्याच चौकात म्युझियम आहे, तिथे ठेवा. मुंबईने १९६५ मध्ये काळा घोडा राणीबागेत हलवला, म्हणून इंग्रजांचा इतिहास कोणी विसरलं नाही.

मित्राला हे पटलं नाही. म्युझियममध्ये कोण जातंय, चौकात निदान लोक फलक वाचतात, असं त्याचं म्हणणं. परतीच्या ट्रेनमध्ये वाद सुरूच होता. होर्नचा मतदार तो आहे, मी नाही. अर्ज करायचा झाला तर त्यालाच करावा लागेल. मसुदा मी लिहून देतो म्हटलंय.