नऊ अक्षरे आणि एक शब्दकोश

इंग्रजीचा तास म्हटला की वाडी-वस्तीवरून आलेल्या आपल्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर आजही दडपण दिसते. महाराष्ट्रात सन 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरी ही भीती सरलेली नाही. मग पालक पदरमोड करून 'स्पोकन इंग्लिश'चे वर्ग लावतात, नाहीतर गाईड पाठ करून घेण्याचा आग्रह धरतात. आमचे मत निराळे आहे. ठरावीक अक्षरे द्यावीत आणि ती सर्व ज्यात येतात असे लांबात लांब इंग्रजी शब्द मुलांनी शब्दकोशातून शोधून काढावेत, हा साधा खेळ निवासी शाळेच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास तरी असावा. त्याला परीक्षेत गुण नाहीत, म्हणून तो वेळेचा अपव्यय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर घेऊ. पाचही ज्यात आहेत असा शब्द कोणता? 'एज्युकेशन' हा नऊ अक्षरी शब्द बहुधा प्रथम सापडतो. 'बिहेव्हिअर' नऊ अक्षरांचाच. रोजच्या भाजीतला 'कॉलिफ्लॉवर' अकरा अक्षरांचा. 'क्वेश्चनेअर' तेरा अक्षरांचा. 'रेव्होल्यूशन' या दहा अक्षरी शब्दात ए नाही. परंतु त्याचे 'रेव्होल्यूशनरी' झाले की तेरा अक्षरांत पाचही स्वर येतात. बाबासाहेबांच्या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाच्या नावातील 'काउंटर' त्याच्यापुढे जोडला, तर शब्द वीस अक्षरांचा होतो. शोधता शोधता मुलाला पद्धतही कळते. टी-आय-ओ-एन हे शेपूट धरले की आय आणि ओ हाती लागतात, उरतात तीनच.

यात शिक्षण कोठे आहे? आपल्या देवनागरीत बाराखडी आली की वाचन येते, कारण अक्षर आणि उच्चार यांची सांगड बरीचशी पक्की असते. इंग्रजीत तसे नाही. तेथे शब्द कानाने ऐकून भागत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्याला हे पाहणे आपोआप घडते. ज्याच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याला ते मुद्दाम घडवून द्यावे लागते. अक्षरांचा शोध म्हणजे हेच पाहणे होय.

शिवाय लांब शब्दाची भीती तो उकलल्यावर जाते. 'अनटचेबिलिटी' हा चौदा अक्षरी शब्द फळ्यावर लिहिला की मुले बिचकतात. तो तोडून दाखवावा. आधी नकाराचे अन. मग स्पर्शाचे टच. मग योग्यता दाखवणारे एबल, जे पुढे जोड मिळताच रूप बदलते. शेवटी भाववाचक इटी. मराठीतही तेच: अ, स्पृश्य, ता. दोन भाषा, घडण एकच. संविधान सभेने 29 नोव्हेंबर 1948 रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. तेच आजचे कलम 17. इतिहासाच्या शिक्षकास याहून चांगला धडा कोणता मिळणार? जो शब्द आपल्या पूर्वजांच्या कपाळी मारला गेला, तो आपल्या मुलांनी हाताने सुटा करून पाहावा, त्याचे भाग ओळखावेत आणि पुढच्या शब्दाकडे वळावे.

या खेळाचा आणखी एक गुण आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. एखाद्याने शब्द सांगितला, की इतरांनी पुरावा मागायचा. निकाल शिक्षक देत नाही, वर्गातला हुशार मुलगा देत नाही. शब्दकोश देतो, आणि तो सर्वांना सारखाच. केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, ही कालाम सुत्तातील तथागतांची शिकवण अभ्यासिकेत अशी आचरणात येते. बाबासाहेबांनी तर धम्माच्या अभ्यासासाठी स्वतः पाली शब्दकोश सिद्ध केला. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या 16 व्या खंडात तो आहे. शब्दांची अशी मेहनत करणाऱ्या पुरुषाची जयंती साजरी करणाऱ्यांच्या घरी एकही शब्दकोश नसावा, हे शोभणारे नाही.

कोणी म्हणेल, मोबाइलवर अक्षरे टाकली की क्षणात यादी येते. येते खरी, पण यादी यंत्राची होते, मुलाची होत नाही. पानापानांवर अडखळताना जे दहा अनोळखी शब्द नजरेखालून जातात, तीच खरी कमाई. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की शब्द शोधणे म्हणजे भाषा येणे नव्हे. सापडलेला प्रत्येक शब्द एका वाक्यात वापरून घेतला नाही, तर हा खेळ पोपटपंचीच ठरेल.

'एज्युकेशन'च्या त्याच नऊ अक्षरांची जागा बदलली, की 'ऑक्शन्ड' म्हणजे लिलावात काढलेले, आणि 'कॉशन्ड' म्हणजे सावध केलेले, असे आणखी दोन शब्द होतात. हा अक्षरांचा योगायोग आहे, भाकीत नव्हे. तरीही शिक्षणाचा भाव दरवर्षी चढत असताना हा योगायोग आम्हांस अस्वस्थ करतो. ज्या करवीर नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेथे तरी इंग्रजी ही पैसेवाल्यांची मिरास होऊ नये. या खेळाला फी नाही. फळा, खडू, एक तास आणि पुरेसे शब्दकोश एवढेच लागते.

माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे : विद्यालयास भेट द्याल तेव्हा हारतुरे आणू नका, एक चांगला शब्दकोश आणा, आणि सायंकाळी अभ्यासिकेत मुलांसोबत तासभर बसा. पालकांनी आपल्या पाल्यास सुटीत गुण विचारण्यापूर्वी विचारावे, 'यंदा सापडलेला सर्वांत लांब शब्द कोणता, आणि त्याचा अर्थ काय?' उत्तर देताना मूल आई-वडिलांना तो शब्द शिकवील. त्या घरात शिक्षण तेथूनच सुरू होईल.